क्रॅब पल्सारची अखंड गुरुत्वीय लहर घरच्या संगणकावर कशी शोधायची

लायगो या अमेरिकेतल्या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेचा डेटा सर्वांसाठी खुला आहे, लागणारी सॉफ्टवेअर फुकट आहेत आणि एकाच ठरावीक पल्सारपुरता (म्हणजे फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्यापुरता) शोध साध्या लॅपटॉपवर होतो. तरी पहिला प्रयत्न सहसा फसतो, आणि फसला हे कळतही नाही. कारण या शोधात ‘काही नाही’ हेच उत्तर अपेक्षित असतं. फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्याची लहर अजून कुणालाच निर्विवादपणे सापडलेली नाही. बिनचूक प्रोग्राम ‘काही नाही’ म्हणतो आणि संदर्भकाळ (वारंवारता ज्या क्षणाची दिली आहे तो क्षण) चुकलेला प्रोग्रामही तेच म्हणतो. म्हणून आधी डिटेक्टरमध्ये मुद्दाम पेरलेला खोटा पल्सार शोधून काढा आणि मगच क्रॅबकडे वळा.

आकडे आधी नीट समजून घ्या

न्यूट्रॉन तारा अक्षाभोवती अगदी सारखा गोलाकार असेल तर तो कितीही वेगाने फिरला तरी लहरी निघत नाहीत. कुठेतरी उंचवटा हवा. उंचवटा असला की ताऱ्याच्या एका फेरीत लहरीची दोन आवर्तनं होतात. क्रॅब सेकंदाला सुमारे २९.६ फेऱ्या मारतो, म्हणजे लहर ५९.२ हर्ट्झच्या आसपास शोधायची.

ताऱ्याचं बेढबपण दहा लाखांत एक धरा, म्हणजे दहा किलोमीटर त्रिज्येच्या गोळ्यावर जेमतेम एक सेंटीमीटरचा फुगवटा. तारा एक किलोपार्सेकवर (सुमारे ३,२६० प्रकाशवर्षांवर) असेल आणि लहर १०० हर्ट्झची असेल, तर पृथ्वीवर पोचणारा ताण, म्हणजे लांबीत होणारा सापेक्ष बदल, १.०६×१०⁻²⁶ येतो. बेढबपण दुप्पट झालं की ताण दुप्पट होतो, वारंवारता दुप्पट झाली की चौपट, आणि अंतर दुप्पट झालं की निम्मा. १४ सप्टेंबर २०१५ ला पकडलेली दोन कृष्णविवरांची लहर १०⁻²¹ ची होती, पण ती सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात आटोपली. आपली लहर तिच्या लाखाव्या भागाएवढी असली तरी महिनोन्‌महिने चालू राहते. सगळी भिस्त त्या सातत्यावर आहे.

क्रॅबचं फिरणं मंदावतंय. त्यात जाणारी सगळी ऊर्जा गुरुत्वीय लहरींतून जाते असं मानलं, तर सुमारे दोन किलोपार्सेकवरून १.४×१०⁻²⁴ ताण यायला हवा. ही स्पिनडाउन मर्यादा. एवढ्या ताणासाठी ताऱ्यावर साडेसात मीटरचा फुगवटा लागेल. तुमची पोच किती, ते एका ओळीत काढता येतं: डिटेक्टरच्या नॉइजला डेटाच्या एकूण सेकंदांच्या वर्गमुळाने भागा आणि ११.४ ने गुणा. नॉइज दर √हर्ट्झला १०⁻²³ धरला आणि दोन डिटेक्टरांचा मिळून ३६ लाख सेकंद डेटा घेतला, तर ६×१०⁻²⁶ येतं. एका महिन्याच्या डेटावर घरबसल्या तुम्ही स्पिनडाउन मर्यादेच्या वीसपट खाली उतरता. लायगो-व्हर्गोच्या गटाने ओ३ या तिसऱ्या निरीक्षण मोहिमेचा पूर्ण डेटा वापरून ही मर्यादा सुमारे शंभरपट खाली नेली आहे.

डेटा आणि साधनं

ग्रॅव्हिटेशनल वेव्ह ओपन सायन्स सेंटरच्या संकेतस्थळावरून ओ३ए चा (ओ३ च्या पूर्वार्धाचा), लायगोच्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन अशा दोन्ही डिटेक्टरांचा डेटा घ्या. मे २०१९ चे पहिले ३० दिवस सोयीचे आहेत. जीपीएस काळ १२४०७०४०१८ पासून १२४३२९६०१८ पर्यंत. मेच का? कारण २३ जुलै २०१९ ला क्रॅबने ग्लिच दिला, म्हणजे त्याची फिरण्याची गती अचानक उडी मारून वाढली. त्या तारखेवरून जाणारा सलग शोध घेतलात तर उडीच्या आधीचा आणि नंतरचा सिग्नल एका सूत्रात बसत नाही.

नमुने सेकंदाला ४०९६ घेतलेला डेटा पुरतो. तो सुमारे १७०० हर्ट्झपर्यंत विश्वासाचा आहे. फाईल प्रकार निवडताना एचडीएफ५ नको, फ्रेम घ्या, कारण लालपल्सार या सॉफ्टवेअर-संचातलं, डेटाचे फूरिए-तुकडे (एसएफटी) बनवणारं साधन फ्रेमच वाचतं. चॅनेलचं नाव फाईलच्या माहितीतून उचला, आठवणीवर टाकू नका. पायथॉनमधून काम करायला पायएफस्टॅट हे पॅकेज सोपं पडतं, ते आतून लालपल्सारच वापरतं. लिनक्स किंवा मॅकवर ते सरळ बसतं. विंडोज असेल तर आधी डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय) चालू करा.

जागेचा हिशेब आधी मांडा. एका डिटेक्टरचा एक दिवस म्हणजे पावणेतीन जीबी, महिना ८० जीबीच्या वर. सगळं साठवत बसू नका. एक सलग तुकडा उतरवा, त्यातून हवा तो पट्टा कापा आणि मूळ फाईल पुसा. ०.२ हर्ट्झचा पट्टा ठेवलात तर एका डिटेक्टरचा महिना चार-पाच एमबीत मावतो.

इथेच दोन खड्डे आहेत. डिटेक्टर बंद असताना फाईलमध्ये शून्य नसतं, ‘नॅन’ असतं, आणि एक ‘नॅन’ फूरिए रूपांतरात गेला की अख्खा तुकडा ‘नॅन’ होऊन बाहेर पडतो. म्हणून डेटा चालू असल्याच्या वेळांची यादी घेऊनच कापा. दुसरा खड्डा फसवा आहे. डेटासोबत ‘या वेळी अखंड लहरींचं हार्डवेअर इंजेक्शन नव्हतं’ असं सांगणारी खूण येते. डेटा शुद्ध हवा म्हणून ती खूण असलेलाच डेटा घेतलात, तर हाती जवळपास काही उरत नाही, कारण ही इंजेक्शनं, म्हणजे वर म्हटलेले पेरलेले खोटे पल्सार, बहुतेक काळ चालूच असतात. ती ठरावीक वारंवारतांवर असल्यामुळे क्रॅबला त्यांचा उपद्रव नाही.

एसएफटी बनवताना

डेटाचे १८०० सेकंदांचे तुकडे पाडून प्रत्येकाचं फूरिए रूपांतर करायचं. यालाच एसएफटी म्हणतात. १८०० चा आकडा पृथ्वीच्या फिरण्यामुळे आला आहे. तुकडा फार लांब घेतला तर डॉपलर परिणामामुळे सिग्नल वारंवारतेच्या एका घरातून शेजारच्या घरात सरकतो. १०० हर्ट्झला १८०० सेकंदांत जास्तीत जास्त २×१०⁻⁵ हर्ट्झ सरकतो आणि घराची रुंदी ५.६×१०⁻⁴ आहे, म्हणजे भरपूर सैल. १००० हर्ट्झला मात्र ३००० सेकंदांच्या पुढे जाऊ नका.

संकेतस्थळावरच्या फायली ४०९६ सेकंदांच्या असतात. फाईल संपली की तुकडा संपवायचा असं केलंत तर प्रत्येक फाईलमागे ४९६ सेकंद, म्हणजे १२ टक्के डेटा वाया जातो. लागोपाठच्या फायली जोडून सलग वेळेवर तुकडे पाडा.

रूपांतराआधी २० ते ३० हर्ट्झच्या खालचं सगळं हाय-पास फिल्टरने काढा आणि तुकड्याच्या कडा विंडोने निमुळत्या करा. खालच्या वारंवारतांचा नॉइज इतका प्रचंड असतो की तो पाझरून ५९ हर्ट्झपर्यंत येतो. गणित डबल प्रिसिजनमध्येच करा. १०⁻²³ चा वर्ग १०⁻⁴⁶ होतो आणि सिंगल प्रिसिजनमध्ये तो सरळ शून्य बनतो. प्रोग्राम तक्रार करत नाही, आलेख मात्र सपाट येतो.

नॉइजची पातळी काढायला प्रत्येक घराभोवतीच्या १०१ घरांचा मीडियन घेतात, म्हणजे मधली एखादी उंच रेघ पातळी बिघडवत नाही. पण शुद्ध नॉइजमध्ये पॉवरचा मीडियन सरासरीच्या ०.६९३ पट असतो आणि हा भागाकार विसरला जातो. चूक ओळखण्याची खूण पक्की आहे. जिथे कुठलाही सिग्नल नाही अशा पट्ट्यात हजारभर ठिकाणी २एफ काढा. सरासरी ४ च्या जवळ यायला हवी. ५.८ आली तर ०.६९३ राहिला. हा ४ चा आकडा जुळल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नका.

२एफ म्हणजे काय, तर यारानोव्स्की, क्रोलाक आणि शुट्झ यांनी १९९८ मध्ये मांडलेलं एफ-स्टॅटिस्टिक, दुप्पट करून घेतलेलं. ताऱ्याचा अक्ष आपल्याकडे किती कललाय, आकाशात तो कुठल्या दिशेला वळलाय, लहरीचा आयाम आणि सुरुवातीची कला (फेज) किती, हे चार अज्ञात त्यात आपोआप सुटतात. तुम्हाला फक्त आकाशातली जागा, वारंवारता आणि तिचा बदलण्याचा दर पुरवावा लागतो.

खोटा पल्सार

लायगोच्या आरशावर लेझरच्या प्रकाशाचा दाब देऊन आरसा खरोखर हलवला जातो, जणू लहरच आली. असे क्रमांक दिलेले खोटे पल्सार डेटात सतत वाजत असतात आणि त्यांची मापं जाहीर आहेत. सुरुवात क्रमांक ३ पासून करा. वारंवारता १०८.८५७ हर्ट्झ, विषुवांश १७८.३७ अंश, क्रांती −३३.४४ अंश, वारंवारता घटण्याचा दर सेकंदाला १.४६×१०⁻¹⁷ हर्ट्झ, म्हणजे नसल्यासारखाच. शेवटचे दशांश तक्त्यातून पूर्ण घ्या. आयाम दर मोहिमेत बदललेला असतो, तोही तिथूनच घ्या.

१०८.७६ ते १०८.९६ हर्ट्झचा पट्टा कापा. नेमक्या मापांवर २एफ काढा. नंतर वारंवारता दोन्ही बाजूंना १०⁻⁵ हर्ट्झपर्यंत फिरवून बघा. जाळीची पायरी ३० दिवसांसाठी १.३५×१०⁻⁷ हर्ट्झ ठेवा, म्हणजे दोन पायऱ्यांच्या मधोमध पडलेल्या सिग्नलचाही जास्तीत जास्त १० टक्के भाग गळतो. शिखर नेमकं मधोमध उभं राहिलं तर यंत्रणा ठीक आहे. महिन्यात शिखर पुसट वाटलं तर डेटा ६० दिवसांचा करा.

शिखर दिसलंच नाही तर आधी कोन तपासा. सॉफ्टवेअरला रेडियन लागतात, ३.११३ आणि −०.५८४. विषुवांश तासांत लिहिलेला तसाच घातला तर पंधरापट चुकतो. शिखर आलं पण बाजूला सरकलेलं असेल तर पृथ्वी-सूर्याच्या स्थितीच्या फाईली त्या वर्षाच्या आहेत का ते बघा. डॉपलरचा पसारा लहान नाही. पृथ्वीचा सूर्याभोवतीचा वेग प्रकाशाच्या दहा हजारांत एक आहे, त्यामुळे १०० हर्ट्झचा सिग्नल वर्षभरात वरखाली ०.०१ हर्ट्झ झुलतो.

क्रमांक ३ फार कनवाळू आहे. त्याची वारंवारता बदलत नसल्यामुळे संदर्भकाळ चुकला तरी तो सापडतो. म्हणून लगेच क्रमांक ८ घ्या. या सगळ्यांचा संदर्भकाळ जीपीएस ७५१६८००१३, म्हणजे १ नोव्हेंबर २००३. तेव्हा क्रमांक ८ ची वारंवारता १९४.३१ हर्ट्झ होती आणि ती सेकंदाला ८.६५×१०⁻⁹ ने घटते. २०१९ च्या मध्यावर तो १९०.०३ हर्ट्झवर उतरलेला असतो. १९४ च्या पट्ट्यात शोधत बसलेला माणूस संदर्भकाळ विसरलेला असतो. हा धडा इथे स्वस्तात मिळतो. क्रॅबवर तीच चूक केली तर पकडायला काहीच नसतं.

क्रॅब

मँचेस्टरजवळची जोड्रेल बँक वेधशाळा क्रॅबचं पंचांग दर महिन्याला प्रसिद्ध करते, १५ तारखेच्या मापांसह. मे २०१९ ची ओळ घ्या. तो संदर्भकाळ आपल्या ३० दिवसांच्या जवळपास मधोमध पडतो. वारंवारतेच्या घटीचा स्तंभ १०⁻¹⁵ च्या एककात असतो, म्हणून तिथे −३ लाख ६८ हजारांच्या घरातला आकडा बघून दचकू नका. प्रत्यक्ष दर −३.७×१०⁻¹⁰.

आता दुप्पट करा. वारंवारता दुप्पट करायचं सगळ्यांच्या लक्षात राहतं, घटीचा दर दुप्पट करायचं राहतं. लहरीचा दर −७.४×१०⁻¹⁰ हवा. अर्धाच घातला तर महिन्याच्या टोकांना सिग्नल मॉडेलपासून शेकडो आवर्तनं दूर गेलेला असतो.

काळाचं एककही जुळवा. पंचांगातला काळ सूर्यमालेच्या केंद्राशी मोजलेला टीडीबी असतो, डेटा जीपीएसमध्ये. दोन घड्याळांत ५१.१८४ सेकंदांचा फरक आहे. तो सोडला तर क्रॅबची वारंवारता ३.८×१०⁻⁸ हर्ट्झने चुकते. महिन्याच्या डेटाला हे खपतं, सहा महिन्यांच्या सलग डेटाचं घर फारच अरुंद असतं, तिथे हे अर्ध्या घराहून जास्त आहे. पंचांग कुठल्या सूर्यमाला-सारणीवर बेतलंय तेही वाचा. क्रॅबसाठी परंपरेने डीई२०० वापरली जाते आणि सॉफ्टवेअरमध्ये आपोआप डीई४०५ बसलेली असू शकते. दोन्हीकडे एकच हवी.

घटीच्या दराचा स्वतःचा बदलही असतो, लहरीसाठी सुमारे २.४×१०⁻²⁰. ३० दिवसांत त्याने आवर्तनाचा चौदावा भाग बिघडतो, दुर्लक्ष केलंत तरी चालेल. सहा महिन्यांत पंधरा आवर्तनं बिघडतात. शोध लांबवणार असाल तर ते पद घालावंच लागतं, शिवाय जुलैचा ग्लिच आडवा येतो तो वेगळाच.

पंचांगातल्या नेमक्या मापांवर एकच टेम्प्लेट (मापांचा एकच संच) चालवायचं असेल तर २एफ १३.३ च्या वर जाण्याची नुसत्या नॉइजमध्ये शक्यता १ टक्का. पण ताऱ्याचं कवच आणि आतला गाभा एकाच गतीने फिरतात याची खात्री नाही. म्हणून हजारात एक इतकी ढील देऊन शेजारीही बघतात. त्याने ५९.२ भोवती ०.१२ हर्ट्झचा पट्टा होतो. वारंवारतेच्या नऊ लाख पायऱ्या आणि दराच्या चार, एकूण ३६ लाख टेम्प्लेट. तेवढ्यांदा फासे टाकले की एखादा मोठा आकडा आपोआप पडतोच, त्यामुळे १ टक्क्याचा उंबरठा ४६ वर जातो. पोच सुमारे पावणेदोन पटीने घटते. दोन्ही करा, पण कुठला उंबरठा कुठल्या शोधाचा हे चालवण्याआधीच लिहून ठेवा. निकाल बघून उंबरठा ठरवणं ही या धंद्यातली सगळ्यात जुनी लबाडी.

पाखडणी

उंबरठ्याच्या वर काही आलं की ते खोटं धरून चाला. डिटेक्टरभोवती नियमित वारंवारतेने हलणारं किंवा लुकलुकणारं काहीही डेटात रेघ काढतं. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे तिथे आणि तिच्या पटींत खांब उभे असतात आणि क्रॅब नेमका त्या खांबाच्या सावलीत, ५९.२ वर. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडियाला ही कटकट नसेल. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. ५०० हर्ट्झच्या आसपास आरसे टांगलेल्या काचतंतूंची कंपनं आहेत. आणि कंगवे आहेत, समान अंतरावरच्या रेघांच्या रांगा. पहिल्या मोहिमेत १ हर्ट्झ अंतराचा असा एक कंगवा सापडला, प्रत्येक दात पूर्णांकापासून अर्धा हर्ट्झ सरकलेला. मागोवा घेत गेल्यावर तो वेळ पाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्समधल्या एका लुकलुकणाऱ्या एलईडीपाशी पोचला. दिवा लागताना घेतली जाणारी इवलीशी वीज तेवढ्याला पुरली होती.

ज्ञात रेघांच्या याद्या डेटासोबत मिळतात, पण उमेदवाराची वारंवारता यादीशी थेट ताडू नका. उमेदवाराची वारंवारता सूर्यमालेच्या केंद्राशी मोजलेली असते आणि रेघ डिटेक्टरमध्ये. महिन्याभरात उमेदवार डिटेक्टरच्या दृष्टीने कुठून कुठे सरकतो तो पट्टा काढा आणि त्यात रेघ येते का बघा.

मग डॉपलर सुधारणा बंद करून तोच शोध चालवा. खरा सिग्नल कोसळतो, रेघ उलट उंचावते. दोन्ही डिटेक्टर वेगवेगळे तपासा: एकट्या हॅनफर्डचं २एफ दोघांच्या एकत्रित आकड्यापेक्षा जास्त निघालं तर तो हॅनफर्डचाच दोष, आकाशाचा नाही. आमच्या मते सगळ्यात बोलकी परीक्षा वाढीची आहे. दिवसागणिक डेटा वाढवत २एफ चा आलेख काढा. त्यातून ४ वजा केल्यावर उरणारा भाग साठलेल्या डेटाच्या प्रमाणात चढायला हवा, थोडा हलत का होईना. १२ तारखेला एकदम ४० ने उडी मारून नंतर आडवा झाला असेल, तर १२ तारखेच्या नोंदी बघा, आकाश नको.

काहीच सापडलं नाही तर

हे होणारच, आणि त्यातूनच आकडा काढायचा असतो. त्याच एसएफटींमध्ये सॉफ्टवेअरने सिग्नल मिसळा, क्रॅबच्याच जागेवर पण वारंवारता थोडी हलवून, अक्षाचा कल आणि कला दर वेळी वेगळी. एका आयामाला किमान शंभर सिग्नल. ज्या आयामाला शंभरातले ९५ उंबरठा ओलांडतात, ती तुमची ९५ टक्क्यांची वरची मर्यादा. मिसळताना वापरलेली मापं आणि शोधाची मापं एकाच फाईलमधून वाचू नका. नाहीतर दुप्पट करायचा राहिलेला दर दोन्हीकडे राहतो आणि परीक्षा छान पास होते. मर्यादा ६×१०⁻²⁶ आली तर क्रॅबचं बेढबपण ३.२×१०⁻⁵ च्या आत, म्हणजे फुगवटा सुमारे एका फुटाहून मोठा नाही असं तुम्ही म्हणू शकता.

क्रॅबनंतर लगेच अख्ख्या आकाशाचा मोह नको. वर्षभराच्या डेटाला १०० हर्ट्झवर आकाशातली जागा चार कोनीय सेकंदांइतकी नेमकी लागते, म्हणजे तीन हजार कोटी ठिकाणं, आणि प्रत्येक ठिकाणी दर हर्ट्झला तीन कोटी पायऱ्या. ते काम १९ फेब्रुवारी २००५ पासून आइन्स्टाइन ॲट होम हजारो लोकांच्या रिकाम्या संगणकांवर करून घेतं, तुमचा संगणकही त्यात जोडता येतो. वृश्चिक एक्स-१ सारख्या जोडताऱ्यांचा मार्गही निराळा आहे. तिथे फिरण्याची वारंवारताच माहीत नाही आणि ती भरकटतेही, म्हणून पुण्याच्या आयुकातले संजीव धुरंधर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मांडलेली क्रॉस-कोरिलेशन पद्धत वापरतात.

आणि एखादा उमेदवार सगळ्या चाळण्यांतून उरलाच, तर मे सोडून दुसरा महिना घ्या. त्या महिन्याचं पंचांग बसवा, डेटाचे सेकंद आणि नॉइज मोजून २एफ किती यायला हवं ते कागदावर आधी लिहा, मग एकच टेम्प्लेट चालवा.